कचऱ्याचा हात, बाळूचा झाडू

यंदा चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री आमच्या नालासोपाऱ्याच्या वस्तीत पोरांनी पांढरी चादर ताणून पिक्चर लावला. ‘लगान’. मी रात्रपाळीला निघालो होतो, डबा हातात. म्हटलं, आज हा कुठला पिक्चर रे? तर पोरं म्हणाली, दादा, त्यात आपला माणूस आहे. कचरा. हॅट्‌ट्रिक घेतो.

गाडी सोडली आणि थांबलो. कचऱ्याने तिसरी विकेट काढली तेव्हा वस्तीत जी शिट्टी वाजली ती पार रेल्वे लाइनीपर्यंत गेली असेल. मीपण वाजवली. खोटं कशाला बोलू? नंतर पाळीवर साच्यापुढे उभा राहिलो आणि ती शिट्टी घशात काट्यासारखी अडकली. दोन दिवस निघाली नाही. म्हणून हे लिहितोय.

पिक्चर आशुतोष गोवारीकरांचा, २००१ सालचा. गोष्ट १८९३ ची, चांपानेर नावाच्या गावची. गोरा कप्तान पैज लावतो, क्रिकेटमध्ये हरवा, लगान माफ. गावातनं अकरा माणसं जमवायची. आता या अकरा माणसांकडे नीट बघा. भुरा कोंबड्या पाळतो, त्यांच्यामागं पळून पळून त्याला झेल पकडता येतो. गोली गोफण फिरवतो, म्हणून त्याचा हात बॉलिंगला गरगर फिरतो. अर्जन लोहार, त्याचं मनगट घणाचं. देवा पलटणीत होता, गोऱ्यांबरोबर खेळून आलाय. म्हंजे दिग्दर्शकाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, की माणूस जे काम करतो तेच काम त्याच्या अंगात कसब होऊन बसतं. ही गोष्ट मला फार आवडली. आम्हा गिरणीवाल्यांना ती पुस्तकातनं शिकावी लागत नाही.

पण कचऱ्याशी आल्यावर दिग्दर्शक हीच गोष्ट विसरतो. कचरा गाव झाडतो. उभा जन्म झाडतो. त्या झाडण्यातनं त्याला काय येतं? पिक्चर म्हणतो, काही नाही. त्याचा बॉल वळतो तो त्याचा हात लुळा आहे म्हणून. जन्माची खोड. भुवन त्याला बॉल फेकायला लावतो आणि बॉल आपोआप वळतो. पहिल्या दिवशी नव्या बॉलला वळत नाही, दुसऱ्या दिवशी जुन्या बॉलला वळतो. कचरा बिचारा त्यात कुठंच नाही. लोहाराचं कसब लोहाराचं, कोंबडीवाल्याचं कोंबडीवाल्याचं, आणि आपल्या माणसाचं कसब मात्र त्याच्या व्यंगाचं! गावकरी त्याला टीममध्ये घ्यायला नकार देतात, भुवन भाषण करतो, गावकरी विरघळतात. ज्याच्यावरनं हे सगळं चाललंय तो हात जोडून बाजूला उभा.

हातच का लुळा केला, हा माझा सवाल आहे. धडधाकट हाताने, डोकं लावून, घाम गाळून शिकलेला अस्पृश्य बॉलर पडद्यावर आणायला काय हरकत होती? असा माणूस नव्हता म्हणून? अहो, होता. त्याच सुमाराला होता. चांपानेर खोटं आहे, पुणं खरं आहे.

पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा. जात चांभार. पिक्चरमधल्या १८९३ साली हा पोरगा सतरा वर्षांचा होता आणि पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नोकरीला होता. त्याआधी पारशांच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर होता. गोऱ्यांनी चार दिले. काम काय? पिच झाडायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, नेट बांधायचं, टेनिसचं मैदान आखायचं. म्हंजे झाडूवालाच. आणि साहेब लोकांना लहर आली की नेटमध्ये बॉल टाकायचा.

इथं मी जरा थांबणार आहे. कारण पिक्चरवाल्यांना जे दिसलं नाही ते मला या झाडूत दिसतं.

रोज पहाटे जो माणूस बावीस यार्ड जमीन झाडतो, तिच्यावर पाणी मारतो, रोलर फिरवतो, त्याला ती जमीन आतनं कळते. कुठं ओल धरते, कुठं उन्हात तडा जातो, रोलर कुठं उथळ फिरतो, दुपारी कुठली जागा सुटते. बॅट्समन त्या जमिनीवर दोन तास उभा राहतो. झाडणारा महिनोन्‌महिने तिच्याशी बोलतो. डावखुऱ्या स्पिन बॉलरला दुसरं काय लागतं? बॉल कुठं टाकायचा हे त्याला हातापेक्षा आधी पायांना कळलं पाहिजे. हे पुस्तकात लिहिलेलं नाही. हे मी माझ्या अंदाजाने म्हणतोय, पण पंधरा मिनिटं साचा नुसता ऐकून धागा कुठं तुटणार ते सांगणारी माणसं मी बघितली आहेत. त्यामुळे अंदाज चुकायचा नाही.

तर त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा गोरा होता. त्या काळचा मोठा बॅट्समन. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूकडून बॉलिंग टाकून घ्यायचा. एक दंतकथा सांगतात, की बाळूने आऊट केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा. खरी असो, खोटी असो, हिशोब करून बघा. पगार चार रुपये. आठ वेळा आऊट केलं की महिन्याचा पगार वर सुटला. याला आमच्याकडे पीस रेट म्हणतात. जेवढं कापड तेवढा दाम. बाळू अशा रीतीने शिकला. शेकडो तास, हजारो बॉल. त्याला कोणी कोच नव्हता, समोरचा ग्रेगच त्याचा कोच, ग्रेगला पत्ता नसताना. आणि ग्रेगचा कोच बाळू, हे तर कोणी लिहीतच नाही. ग्रेगची बॅटिंग सुधारली ती ज्याच्या खांद्यावर, त्याच्या नावापुढे कोच लागला नाही, नोकर लागलं.

अजून एक गोष्ट बाळूने पुढे आपल्या मुलाला सांगितली. इतकी वर्षं त्या नेटमध्ये त्याने बॉल टाकले, पण एकदाही, एकदासुद्धा, त्याच्या हातात बॅट दिली नाही.

मित्रांनो, हे वाक्य मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुस्तक रामचंद्र गुहांचं आहे, २००२ सालचं, इंग्रजीत. मला त्याला चार महिने लागले, शेजारी डिक्शनरी ठेवून. गुहांनी बाळूला धुळीतून वर काढलं, हे कबूल केलंच पाहिजे. पण त्याच्या आधी, १९४८ साली, बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल याने मराठीत स्वतःचं आत्मचरित्र लिहिलेलं आहे, ‘माझे क्रीडा-जीवन’. मराठीत! आम्ही दलित आत्मकथनांच्या याद्या पाठ म्हणतो, त्या यादीत हे नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आम्ही कवी लोकांनी गटारावर लिहिलं, मेलेल्या ढोरावर लिहिलं, झाडूवर लिहिलं. बॉलवर नाही लिहिलं. मीपण नाही. खेळ हा पोटभरल्यांचा विषय, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

पुढची गोष्ट तुम्हाला कुणी न सांगता कळेल. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला घेतला. मैदानावर बॉल सगळ्यांनी मिळून शिवायचा. चहाची वेळ झाली की बाळूला पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या कपात, फुटकळ. म्हंजे बॉलला विटाळ नाही, बशीला आहे. चामड्याचा बॉल बरं का. चांभाराच्या हातातनं सुटून बामणाच्या ओंजळीत पडतो तेव्हा त्याचं सोवळं कुठं जातं, हे एखाद्या शास्त्र्याला विचारलं पाहिजे.

बाळू मुंबईला आला, हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ रन्सनी हरवलं, त्या टीममध्ये बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघं होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या टीमबरोबर इंग्लंडला गेला. टीम सपाटून हरली, पण बाळूने एकट्याने ११४ विकेटा काढल्या, सरासरी १८.८४. हे लुळ्या हाताचं काम नाही. तेव्हा तो पस्तिशीचा होता, खांदा दुखत होता. आणि इतकं करून हिंदूंची कप्तानी त्याला कधीच मिळाली नाही. १९२० साली कप्तानीच्या वादात भावांनी टीममधनं अंग काढून घेतलं, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठं बाळूला उपकप्तान केलं. कप्तान झाला तो विठ्ठल, १९२३ साली. विठ्ठल बॅट्समन होता, हे विसरू नका. त्या घरातनं कप्तानी पोचायला एक बॉलर खर्ची पडला.

आता अवघड जागा. ती टाळून लिहिलं तर तुम्हीच मला पकडाल.

१९३२ साली पुणे कराराच्या वेळी बाळू दुसऱ्या बाजूला होता. संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला. करारावर त्याची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत तो काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला. भायखळा-परळ, म्हंजे आमच्या गिरणगावातच. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. पडला. म्हणून आपल्या कॅलेंडरात बाळू नाही, आपल्या बॅनरवर नाही. एका कार्यकर्त्याला मी बाळूबद्दल बोललो तर तो म्हणाला, हरिजन होता तो, सोड.

माझं म्हणणं असं. त्याचं राजकारण चुकलं, मी चुकलं म्हणतो, पुसट करत नाही. बाबासाहेब तरुण होते तेव्हा बाळू हा आपल्या लोकांच्या अभिमानाचा माणूस होता, म्हणून तर त्याला उभा केला. तीच तर काँग्रेसची चलाखी. ज्या माणसाला जन्मभर नेटमध्ये दुसऱ्यांसाठी बॉल टाकायला लावलं, त्याला निवडणुकीतही दुसऱ्यांसाठीच बॉल टाकायला लावला. या वेळी बॅट्समन आपला होता, एवढाच फरक. पण ११४ विकेटा मतपेटीत गेलेल्या नाहीत. त्या आपल्या आहेत. बाळू सोडून दिला की आपल्या पोरांच्या वाट्याला कचरा येतो. तसा तो आलाच आहे, चादरीवर.

आणि पोरांचा प्रश्न माझ्या घरातला आहे. बहिणीचा पोरगा, सोळा वर्षांचा, डावखुरा, स्पिन टाकतो. आमच्या वसई-विरार पट्ट्यात क्रिकेटची काय कमी? टेनिस बॉलच्या टुर्नामेंटी गल्लोगल्ली. पृथ्वी शॉ विरारचाच. २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये ५४६ मारले त्याने, ३३० बॉलमध्ये. त्याच्या कष्टांना माझा सलाम, विरारहून गाडी धरून किट घेऊन जाणं काय असतं हे ज्याने सकाळची विरार फास्ट बघितली त्यालाच कळतं. पण ते ३३० बॉल टाकले कोणी? पोरंच होती तीपण, तेवढ्याच वयाची. एकाचं तरी नाव सांगा. मला येत नाही.

तर आमच्याकडच्या एका ॲकॅडमीत, नाव नाही घेत, फी भरणारी पोरं बॅटिंग शिकतात. त्यांना बॉल टाकायला वस्तीतली पोरं बोलावतात. फुकट. वडापाव मिळतो, कधी जुना सीझन बॉल. भाचा तिथं जातो. मीसुद्धा सोळाव्या वर्षी अशाच एका ठिकाणी जायचो, तीन वर्षं गेलो. कोच बॅट्समनच्या पाठीमागं उभा राहायचा. त्याच्या कोपराकडे बघायचा, त्याच्या पायाकडे बघायचा. माझ्या हाताकडे तीन वर्षांत कुणी बघितलं नाही. मला फक्त हुकूम. वर टाक. हाफ व्हॉली टाक. आता पायावर टाक, त्याला फ्लिक शिकायचाय. बॉलर जर फटका बसायच्या जागीच बॉल टाकायला शिकला, तर त्याचा बॉलर कसा होणार? त्याचं मशीन होतं. गिरणीत याला बदली म्हणायचे. रोज दरवाज्यावर उभा, कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. हजेरी सगळ्या वर्षांची, नाव कुठल्याच रजिस्टरात नाही.

डावखुऱ्या स्पिनरला शिकवायचं म्हंजे काय शिकवायचं असतं? मी जेवढं धडपडून समजून घेतलं तेवढं सांगतो. पहिल्या दोन बोटांची सांधी शिवणीवर आडवी बसली पाहिजे. बॉल मनगटाने ढकलायचा नाही, बोटाने फाडायचा. उजवा पाय टेकला की सगळं अंग त्याच्यावर फिरलं पाहिजे, कंबर मागं राहिली तर बॉल नुसता सरळ जातो. बॉल बॅट्समनच्या डोळ्यांच्या वरनं जाऊन खाली पडला पाहिजे, म्हंजे तो फसतो. हे एकेक करायला वर्ष जातं. खडूने चौकोन काढून तिथंच शंभर बॉल टाकायचे आणि मागं एक माणूस उभा पाहिजे, जो म्हणेल, आता खांदा पडला, आता पाय वाकडा गेला. तो एक माणूस. तेवढंच हवं असतं. फास्ट टाकणाऱ्या पोराचं तर अजून नाजूक. वाढत्या वयात जास्त बॉल टाकले तर पाठीच्या मणक्याला चीर पडते, म्हणून मोठ्या ठिकाणी त्यांचे बॉल मोजतात. आमच्या पोरांचे कोण मोजतो? फी भरणारे दहा असतील तर दहाही जणांना टाकायचं.

कोणी म्हणेल बॉलर जन्मावा लागतो. कपिल देव पोरगा असताना मुंबईच्या शिबिरात दोन चपात्या पुरत नाहीत म्हणून तक्रार करायला गेला, मी फास्ट बॉलर आहे म्हणाला, तर त्याला हसून उत्तर मिळालं की भारतात फास्ट बॉलर नसतातच. ही गोष्ट तो स्वतः सांगतो. मग १९८७ साली मद्रासला एका टायर कंपनीने पैसे टाकले, डेनिस लिलीला ऑस्ट्रेलियातनं आणलं, पोरं गोळा केली, त्यांच्या खांद्याकडे, पायाकडे, चपात्यांकडे बघितलं. तिथनं श्रीनाथ निघाला, प्रसाद निघाला, आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान निघाला. जमीन तीच, आया त्याच. बघणारा डोळा आला एवढंच. मग लुळ्या हाताच्या चमत्काराची काय गरज उरते?

पालघरच्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर घ्या. गाडीच्या डब्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं असतं. बोरीवलीचे कोच दिनेश लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, शाळेत घातलं. त्याचा बॉलर झाला त्यात त्या खोलीचा वाटा आहे. जानेवारी २०२१, ब्रिस्बेनची टेस्ट. शार्दूलने सात विकेटा काढल्या, ६७ रन्सही केले. त्याच टेस्टमध्ये तामिळनाडूचा टी. नटराजन खेळला. सेलमजवळच्या चिन्नप्पमपट्टी गावचा, बाप मजूर, आई रस्त्याकडेला खाण्याची गाडी लावायची. टेनिस बॉलवर वाढलेला पोरगा. तो त्या दौऱ्यावर गेला होता कशाला? नेटमध्ये बॉल टाकायला. टीममधले एकेक बॉलर जखमी होऊन पडले आणि बदलीवाल्याला आत बोलावलं. एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारच्या मॅचमध्ये पदार्पण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण. पण धडाधड माणसं जखमी झाली नसती तर? दरवाज्यावरच उभा राहिला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. त्याने २०२३ साली स्वतःच्या गावात मैदान उभं केलं, तिथल्या पोरांसाठी. ही बातमी टाळ्यांपेक्षा मोठी होती, पेपरात छोटी आली.

परत पिक्चरकडे येतो. शेवटचा सीन आठवा. शेवटचा बॉल, कचरा बॅटिंगला. त्याच्या हातात बॅट आली एकदाची! बाळूला जी मिळाली नाही ती. मी चादरीपुढे सरसावून बसलो होतो. आणि कचरा काय करतो? एक रन काढतो. गाव रडायला लागतं. मग अंपायर नो-बॉल देतो आणि स्ट्राइक भुवनकडे जाते. भुवन सिक्स मारतो. पाऊस पडतो. म्हंजे शंभर वर्षांनी बॅट दिली ती स्ट्राइक फिरवून द्यायला. गोवारीकरांनी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. माणूस भला आहे, पिक्चर चांगला आहे, माझ्या डोळ्यात पाणी आलं. भल्या माणसांच्या डोक्यातही आपल्यासाठी एकच रन असतो, एवढंच बघून ठेवा.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. सोळा वर्षांच्या पोराला पुणे करार आणि बोटाची सांधी एकदम कशी सांगणार? बाळूचं तेवढं सांगितलं. बॅट न दिल्याचं सांगितलं. म्हटलं, तू जायचं बंद करू नको. पण रविवारी तुमच्यातले चौघं मिळून जा आणि सरांना सांगा, तासभर टाकतो, शेवटी आम्हाला प्रत्येकी सहा बॉल बॅटिंग पाहिजे. आणि पाच मिनिटं तुम्ही आमच्या मागं उभं राहायचं. हात जोडायचे नाहीत. नाही म्हणाले तर बॉल जमिनीवर ठेवून निघून यायचं. बहीण माझ्यावर चिडली. म्हणाली, मामा पोराचं वाटोळं करणार, त्याला काढून टाकतील.

रविवारी मी पहिल्या पाळीला होतो. संध्याकाळी आलो तर पोरगा ओट्यावर बसलेला.

“काय झालं रे?”

“मागं नाही उभे राहिले सर. म्हणाले, बघू पुढच्या रविवारी.”

“आणि बॅटिंग?”

“दिली ना. सहा बॉल. पॅड ढगळ होते, मामा, पळताच येईना. चौथ्याला बोल्ड झालो.”

“कोणी काढला?”

“आपल्याच गण्याने. साल्याने वळवला.”